विंडोजचे लायसन्स कुठून घ्यावे: खरेदीआधीच्या, खरेदीच्या दिवशीच्या आणि नंतरच्या तपासण्या

विंडोज ११ प्रो एकच, पण किमती शोधायला बसलात की आकडे जुळत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर एक किंमत, अधिकृत विक्रेत्याकडे तिच्या आसपासची, आणि कुठल्याशा ‘की शॉप’वर तिचा जेमतेम दहावा हिस्सा. हातात पडते ते तिन्हीकडून सारखेच दिसते: पाच-पाचच्या पाच गटांत मांडलेली २५ अक्षरे, म्हणजेच प्रॉडक्ट की. कुठलीही टाका, बहुतेक वेळा ‘ॲक्टिव्हेटेड’ असेच दिसते. मग जास्त पैसे कशाला मोजायचे, हा प्रश्न साहजिक आहे.

लायसन्स म्हणजे वापराचा हक्क. प्रॉडक्ट की ही फार तर त्या हक्काची पावती. पावती दुसऱ्याच्या नावाची असली तरी ती दाखवून आत शिरता येते, कोणी विचारेपर्यंत. आणि विचारण्याचे प्रसंग ठरलेले आहेत: मदरबोर्ड जळतो, डिस्क बदलून सगळे नव्याने इन्स्टॉल करावे लागते, किंवा ऑफिसात लायसन्सचे ऑडिट निघते. विक्रेता निवडताना डोक्यात हाच एक प्रश्न ठेवावा: त्या दिवशी हा माणूस सापडेल का, आणि त्याने दिलेले बिल चालेल का?

आधी बघा, लायसन्स घरातच आहे का

विकत घ्यायला निघालेल्या अनेकांकडे लायसन्स आधीच असते. २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉप-डेस्कटॉपची प्रॉडक्ट की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये, साठवलेली असते. म्हणून अलीकडच्या लॅपटॉपला खाली स्टिकरवर अक्षरे सापडत नाहीत, आणि डिस्क पूर्ण कोरी केली तरी तो हक्क पुसला जात नाही. विंडोज ११ सोबत आलेल्या मशीनमध्ये नवी एसएसडी (डिस्क) बसवून विंडोज पुन्हा इन्स्टॉल केली, तर इन्स्टॉलर काही न विचारता पुढे जातो आणि इंटरनेट मिळताच ॲक्टिव्हेट होतो.

दुसरा प्रकार डिजिटल लायसन्सचा, विंडोज १० पासूनचा. इथे मशीनच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेली असते. त्या मशीनवर विंडोज १० रीतसर ॲक्टिव्हेट झालेली असेल तर त्याच हक्कावर ११ ही चालते. इन्स्टॉल करताना ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय घ्यायचा आणि पूर्वीचीच आवृत्ती (होम किंवा प्रो) निवडायची. घोळ नेमका इथे होतो. आधी होम होती आणि कोणी उत्साहाने प्रो निवडली, की ॲक्टिव्हेशन अडते, आणि ‘लायसन्स उडाले’ असे समजून लोक नवे विकत घेतात.

तपासायची पद्धत अशी. सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन इथे जा. ‘डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेटेड’ असे दिसले आणि ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडलेले असेल तर उत्तम. जोडलेले नसेल तर खरेदीचा विचार बाजूला ठेवून आधी जोडून घ्या. ही सोय २०१६ पासून आहे. नुसत्या लोकल अकाउंटवर काम करणाऱ्यांचे ते राहून गेलेले असते, आणि हार्डवेअर बदलल्यावर तेच जोडणे कामी येते.

आणखी खोलात जायचे तर कमांड प्रॉम्प्टमध्ये, अर्थात रोमन अक्षरांत, ‘एसएलएमजीआर’, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’ (slmgr /dli) असे टाइप करा. छोटी खिडकी उघडते. तिच्यातल्या वर्णनाच्या ओळीत रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम यांतला एक शब्द असतो. हा शब्द पुढच्या सगळ्या चर्चेत लागणार आहे.

विंडोज ७ किंवा ८ चा जुना खोका कपाटात असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. त्या प्रॉडक्ट की नव्या इन्स्टॉलवर चालू होण्याची वाट मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केली. मोफत अपग्रेडची अधिकृत मुदत तर २९ जुलै २०१६ लाच संपली होती.

मशीन विंडोज ११ घेऊ शकते का, हेही पैसे मोजण्याआधी पाहायचे: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअरची खातरजमा करणारी सोय), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि यादीत बसणारा प्रोसेसर. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे मोफत टूल लगेच निकाल देते. बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेला असतो. तिथे नवे काही घ्यावे लागत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे केवळ १० चालवण्यासाठी आज नवे लायसन्स घेण्यात अर्थ नाही.

तीन शब्द: रिटेल, ओईएम, व्हॉल्यूम

रिटेल लायसन्स एका वेळी एकाच मशीनवर चालते, पण ते तुमच्यासोबत फिरते. जुन्या मशीनवरून काढा, नव्यावर टाका. पीसी स्वतः जोडणाऱ्याने आणि दर काही वर्षांनी मदरबोर्ड बदलणाऱ्याने हेच घ्यावे.

ओईएम लायसन्स ज्या मशीनसोबत आले त्याच्याशी बांधलेले असते, आणि मशीन म्हणजे इथे व्यवहारात मदरबोर्ड. रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड बदलले तर हरकत नाही. मदरबोर्ड बिघडला म्हणून उत्पादकाने वॉरंटीत बदलून दिला तर हक्क टिकतो. हौसेने वरच्या दर्जाचा टाकला तर टिकत नाही. ‘सिस्टीम बिल्डर’ नावाने सुटे मिळणारे ओईएम पॅकेज मशीन जोडून विकणाऱ्यांसाठी असते आणि त्यात ग्राहकाला सपोर्ट देण्याची जबाबदारी त्या जोडणाऱ्यावर येते. ते थोडे स्वस्त पडते ते यामुळेच.

व्हॉल्यूम लायसन्स संस्थांसाठी असते, आणि स्वस्त बाजारातल्या बहुतेक भानगडी इथूनच निघतात. त्याचे दोन मार्ग. एमएके मध्ये एकाच प्रॉडक्ट कीवर ठरावीक संख्येने ॲक्टिव्हेशन होतात. समजा एखाद्या संस्थेची एमएके बाहेर फुटली, तर विक्रेता तीच अनोळखी शंभर जणांना विकतो. संख्या संपली की पुढचा अडतो, आणि संस्थेने तक्रार केली की सगळेच बंद. केएमएस मध्ये मशीन संस्थेच्या सर्व्हरशी बोलून ॲक्टिव्हेट होते. ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचे असते आणि मशीन दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न करते. ‘आजीवन’ म्हणून घेतलेली विंडोज बरोबर सहा महिन्यांनी बोंब मारू लागली, तर कारण बहुधा हेच.

आणखी एक गोष्ट स्वस्त विक्रेते सांगत नाहीत. डेस्कटॉप विंडोजचे व्हॉल्यूम लायसन्स मुळात अपग्रेडचे असते. मशीनवर आधीचे पात्र लायसन्स असावे लागते. कोऱ्या मशीनवर एकटे व्हॉल्यूम लायसन्स, खरे असले तरीही, पुरेसे नाही.

कुठून घ्यायचे

मायक्रोसॉफ्टची साइट किंवा विंडोजमधलेच स्टोअर ही सर्वांत सरळ जागा. लायसन्स अकाउंटला चिकटते, बिल अकाउंटमध्ये राहते, अक्षरे हरवण्याचा प्रश्न येत नाही. किंमत पूर्ण द्यावी लागते, हाच तोटा. ज्यांच्याकडे होम आधीच ॲक्टिव्हेट आहे आणि प्रो हवी आहे, त्यांनी दुसरीकडे पाहूच नये. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावरून फक्त फरकाचे पैसे भरून प्रो मिळते, आणि ते नव्या पूर्ण प्रोपेक्षा स्वस्त पडते. फाइल्स आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात, फक्त एक रीस्टार्ट लागतो.

नवे मशीन घेणार असाल तर विंडोजसकट घेणे सहसा परवडते, कारण उत्पादकाला ती घाऊक दराने मिळते. ‘विंडोजशिवाय’चे मॉडेल स्वस्त दिसते, पण त्यावर नंतर रिटेल घेतले की हिशेब उलटतो. लिनक्सच टाकायची असेल तर गोष्ट वेगळी.

अधिकृत विक्रेत्याकडे खोका, त्यात यूएसबी आणि प्रॉडक्ट कीचे कार्ड मिळते, किंवा डिजिटल स्वरूपात ईमेलने येते. इथे सवलतीत मिळणे शक्य आहे, पण सवलत सवलतीसारखी दिसली पाहिजे. मूळ किमतीच्या पाव भागात नवे रिटेल कोणालाही परवडत नाही.

मोठ्या मार्केटप्लेस साइट्सवर जास्त सावध राहावे लागते. पानावर नाव त्या साइटचे, विश्वास त्या साइटवरचा, पण विकणारा भलताच. एकाच उत्पादनाच्या पानावर अनेक विक्रेते असू शकतात आणि किंमत कमी केली की पुढचा आपोआप वर येतो. म्हणून ‘विक्रेता’ आणि ‘पाठवणारा’ या दोन ओळी पेमेंटच्या अगदी आधी पुन्हा वाचा. रिव्ह्यूमध्ये पाच तारे देणाऱ्यांनी बहुधा पहिल्याच दिवशी दिलेले असतात. एक ताऱ्याच्या रिव्ह्यूंच्या तारखा पाहा. ‘चार महिने चालले, मग बंद’ अशी दोन वाक्ये सापडली तरी पुरे.

की शॉपवरची अक्षरे कुठून येतात? फुटलेल्या एमएके, भंगारात गेलेल्या मशीनवरचे ओईएम स्टिकर, विद्यार्थ्यांसाठीच्या किंवा डेव्हलपर सबस्क्रिप्शनमधल्या प्रॉडक्ट की, दुसऱ्या प्रदेशासाठीच्या, आणि चोरलेल्या कार्डावर घेतलेल्या. कुठली तुमच्या वाट्याला आली हे विक्रेत्यालाही माहीत नसते. मायक्रोसॉफ्ट स्वतः नुसती सुटी प्रॉडक्ट की विकत नाही आणि सॉफ्टवेअरपासून वेगळे काढलेले सर्टिफिकेटचे स्टिकर हे लायसन्स मानत नाही. म्हणजे ‘फक्त की, १०० टक्के ओरिजिनल’ ही जाहिरातच स्वतःला खोटे पाडते.

युरोपियन युनियनमध्ये वापरलेल्या लायसन्सचा कायदेशीर बाजार आहे, आणि अनेक की शॉप त्याचाच हवाला देतात. तो हवाला ३ जुलै २०१२ च्या, यूसेडसॉफ्ट विरुद्ध ऑरॅकल या खटल्यातल्या युरोपियन न्यायालयाच्या निकालाचा. मुदतीचे बंधन नसलेले लायसन्स पुन्हा विकता येते, डाउनलोड केलेले असले तरी, असे त्यात ठरले. पण पुढचे दोन मुद्दे दुकाने गाळतात: पहिल्या मालकाने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे, आणि अनेक जणांसाठी एकत्र घेतलेले लायसन्स तुकडे करून विकता येत नाही. निकालाचे नाव घेणाऱ्या विक्रेत्याकडे पहिल्या मालकाचे खरेदीपत्र आणि प्रत काढून टाकल्याचे लेखी निवेदन मागा. खरा व्यापारी देतो. बाकीचे उत्तर देणे थांबवतात.

नूतनीकरण केलेले, म्हणजे रिफर्बिश्ड मशीन घेणे हा चांगला मधला मार्ग आहे. मायक्रोसॉफ्टचा अधिकृत रिफर्बिशरांसाठी कार्यक्रम आहे आणि त्यात मशीनसोबत नवे लायसन्स मिळते. बिलावर विंडोजची आवृत्ती लिहिलेली हवी.

होम की प्रो

हा निर्णय जागेच्या आधी घ्यावा, नाहीतर स्वस्त दिसते म्हणून प्रो घेतली जाते. प्रोमध्ये बिटलॉकरचे (डिस्कच्या कूटबद्धीकरणाचे) पूर्ण नियंत्रण, हायपर-व्ही (मशीनच्या आत आभासी मशीन चालवणे), ग्रुप पॉलिसी (सेटिंग्जचे नियम ठरवणे), डोमेनला (ऑफिसच्या मध्यवर्ती नेटवर्कला) जोडणे आणि बाहेरून रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर येणे मिळते. दुसऱ्याच्या मशीनवर रिमोटने जायचे असेल तर होमही चालते. होमला १२८ जीबी रॅमची मर्यादा आहे, ती घरी क्वचितच आड येते. यातले काही वापरायचे नसेल तर होम घ्या. होमवरून प्रोवर जाणे सोपे, उलटे यायचे तर नव्याने इन्स्टॉल.

नावामागे ‘एन’ असलेली आवृत्ती मीडिया प्लेअरशिवायची असते. तिची प्रॉडक्ट की साध्या आवृत्तीवर चालत नाही. ऑनलाइन यादीत हे एक अक्षर सहज नजरेतून सुटते.

खरेदीच्या दिवशी

आधी इन्स्टॉल करा, मग विकत घ्या. विंडोज प्रॉडक्ट की न देताही इन्स्टॉल होते. कोपऱ्यात वॉटरमार्क येतो आणि वॉलपेपर-थीम बदलता येत नाही, पण ड्रायव्हर बसतात का, प्रिंटर चालतो का, आपले प्रोग्रॅम नीट उघडतात का, हे सगळे तपासता येते. हे सोडून लोक आधी पैसे का भरतात, कळत नाही.

इन्स्टॉलेशनची फाइल फक्त मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्या. मीडिया क्रिएशन टूल आणि ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह पुरतो. विक्रेत्याने पाठवलेली आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल), त्याची ड्राइव्ह लिंक, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना: यांतले एकही आले तर व्यवहार थांबवा. सुरक्षा बंद करून चालवायला सांगितलेली स्क्रिप्ट नेमके काय करते, हे तुम्हाला कधी कळणार नाही.

पेमेंट अशा मार्गाने करा जिथून तक्रार करून पैसे परत मागता येतात, म्हणजे क्रेडिट कार्ड किंवा तत्सम. बिलावर चार गोष्टी हव्यात: विक्रेत्याचे पूर्ण नाव-पत्ता, आवृत्ती, लायसन्सचा प्रकार आणि तारीख. नुसते ‘सॉफ्टवेअर, १ नग’ असे बिल ऑडिटमध्ये रद्दी ठरते.

खोका आला तर उघडतानाचा छोटा व्हिडिओ काढा. प्रॉडक्ट कीवर खरवडायचा थर असेल तर तो शाबूत आहे ना, पाहा. आधीच खरवडलेला असेल तर घेऊ नका. खरवडताना नाणे जोरात घासू नका, अक्षरेच निघून जातात. ‘बी’ आणि ‘८’, ‘जी’ आणि ‘६’ यांची गल्लत तर नेहमीची. म्हणून अक्षरे दिसताच फोटो काढून ठेवा. बहुतेक विक्रेते थर खरवडल्यावर किंवा डिजिटल कोड उघडल्यावर परत घेत नाहीत, तेव्हा शंका असेल तर ती त्याआधीच दूर करा.

प्रॉडक्ट की टाकायची जागा तीच, ॲक्टिव्हेशनच्या पानावरची ‘चेंज प्रॉडक्ट की’. फर्मवेअरमध्ये होमची प्रॉडक्ट की असलेल्या लॅपटॉपवर प्रो टाकायची असेल तर इन्स्टॉलर न विचारता होमच टाकतो. घाबरू नका, होम पूर्ण होऊ द्या आणि मग प्रोची अक्षरे इथे द्या.

ॲक्टिव्हेट झाल्यावर त्याच दिवशी दोन तपासण्या. वरची ‘डीएलआय’ची कमांड चालवा, रिटेल म्हणून घेतलेल्यावर व्हॉल्यूम किंवा ओईएम दिसले तर तो स्क्रीनशॉट हाच तुमचा पुरावा. मग ‘डीएलआय’च्या जागी ‘एक्सपीआर’ टाका. ‘कायमस्वरूपी ॲक्टिव्हेटेड’ अशा अर्थाचे वाक्य यायला हवे. तिथे तारीख आली तर ती केएमएसची. दोन्ही स्क्रीनशॉट बिलासोबत ठेवा आणि गडबड दिसली तर परताव्याची मुदत संपायच्या आत मागणी करा.

अडले तर कोड काय सांगतो

सुरुवातीचे शून्य-एक्स सोडून लिहितो. सी००४एफ०५० म्हणजे अक्षरे चुकलीत किंवा ती या आवृत्तीची नाहीत; आधी टाइप तपासा, मग एन आहे का ते. सी००४सी००८ म्हणजे ती प्रॉडक्ट की ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त मशीनवर वापरली गेली आहे. स्वतःचीच रिटेल असेल आणि जुने मशीन मोडीत गेले असेल तर हे दिसू शकते, मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टकडे सुटते. नव्याने विकत घेतलेल्या प्रॉडक्ट कीवर हे दिसले तर ती आधीच कोणाला तरी विकली गेली आहे. सी००४सी००३ म्हणजे सर्व्हरने ती नाकारली, बहुधा ब्लॉक झाली. सी००४एफ०७४ म्हणजे मशीन केएमएस सर्व्हर शोधते आहे आणि सापडत नाही. घरच्या मशीनवर हा कोड दिसायचे कारणच नाही, तेव्हा काय विकले गेले हे उघड आहे.

विक्रेता फोन ॲक्टिव्हेशन करायला लावून स्क्रीनवरच्या आकड्यांचा फोटो मागत असेल आणि उलट आकडे पाठवत असेल, तर ऑनलाइन संख्या संपलेली प्रॉडक्ट की तो आडवाटेने वापरतो आहे. असे ॲक्टिव्हेशन स्वतः अधिकृत आहे, पण ते मायक्रोसॉफ्टकडून तुम्ही स्वतः करून घ्यायचे असते.

मदरबोर्ड बदलल्यावर ॲक्टिव्हेशन गेले तर त्याच पानावरच्या ट्रबलशूटरमध्ये ‘अलीकडे हार्डवेअर बदलले’ हा पर्याय निवडून अकाउंटने लॉग इन करा आणि यादीतून जुने मशीन निवडा. अकाउंट आधी जोडलेले नसेल तर ही यादीच येत नाही. मशीन विकताना किंवा देऊन टाकताना रिटेलची अक्षरे दुसरीकडे वापरायची असतील तर आधी तिथे ‘एसएलएमजीआर’सोबत ‘यूपीके’ चालवून ती त्या मशीनवरून काढून टाका.

ऑफिससाठी थोडे वेगळे

चार-पाच मशीन असतील तर विंडोज प्रोसकट मशीन घेणे आणि बिले एका फोल्डरमध्ये ठेवणे पुरते. त्यापुढे मायक्रोसॉफ्टच्या भागीदार विक्रेत्यामार्फत व्हॉल्यूमचा विचार करा. लायसन्स संस्थेच्या नावावर असले पाहिजे, कॉम्प्युटर बसवणाऱ्याच्या ईमेलवर नाही. तो माणूस काम सोडून गेला की अकाउंटही गेले. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या आभासी मशीनमध्ये, चालणाऱ्या विंडोजलाही लायसन्स लागते, हे छोट्या ऑफिसांत हमखास विसरले जाते.

विंडोज सर्व्हरचा हिशेब कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणन-भागांवर, होतो: प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ कोअरचे पैसे, प्रत्यक्षात कमी असले तरी. शिवाय वापरणाऱ्यांसाठी किंवा उपकरणांसाठी कॅल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचे लायसन्स, वेगळे घ्यावे लागतात. ‘सर्व्हर स्टँडर्ड, फक्त की’ असे स्वस्तात दिसले तर कॅलचे काय, हे विचारा.

काहीच विकत न घेता

ब्राउझर, ईमेल आणि लिखाणापुरतेच मशीन असेल तर उबंटू या लिनक्सची एलटीएस (दीर्घकाळ सपोर्टची) आवृत्ती मोफत आहे, तिला ५ वर्षे अपडेट मिळतात, आणि घरगुती वापरासाठी ५ मशीनपर्यंत उबंटू प्रो मोफत घेऊन ती मुदत वाढवता येते. डेबियन या दुसऱ्या लिनक्सला काहीच नोंदणी लागत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स सबस्क्रिप्शनवर मिळते, पण वैयक्तिक डेव्हलपरला १६ सिस्टीमपर्यंत मोफत. इथेही डाउनलोड मूळ साइटवरूनच करा आणि तिथे दिलेला चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का हे तपासण्याचा आकडा) जुळवून पाहा. मॅकओएस वेगळी विकत मिळत नाही. २०१३ पासून तिचे अपग्रेड मोफत आहेत आणि ती फक्त ॲपलच्या हार्डवेअरवर चालवायचीच परवानगी आहे, त्यामुळे ‘मॅकओएसचे लायसन्स’ विकणारे पान दिसले तर टॅब बंद करा.